अप्पांची कुट्टी मशीन अजून मुरघास काढतीय, भंगारात घालावी का ठेवावी?

बालाघाटचा_गडी (अहमदपूर)

रामराम मंडळी. विषय तसा छोटा हाय पण पंधरा दिवसापासून घरात त्याच्यावरूनच किरकिर चालू हाय म्हणून इथं टाकायलोय.

आमच्याकडं एक कुट्टी मशीन (चारा बारीक कापायची) हाय, जुनी, बीडाच्या चाकाची (बीड म्हंजे ओतीव लोखंड, जिल्हा नव्हे). आजोबांनी घेतली तवा हातानं फिरवायची होती, एक माणूस चाकाला आन् एक घास लावायला. मग १९९० च्या आसपास अप्पांनी (माझ्या वडलांनी) उदगीरच्या एका लेथवाल्याकडून पुली बसवून घेतली, पाच एचपीच्या डिझेल इंजिनवर पट्टा टाकला, आन् पुढं मी शाळेत होतो तवा तीन एचपीची मोटर बसवली. आता चाक आन् साचा (लोखंडी सांगाडा) तेवढा आजोबांचा राहिला, बाकी बेरिंगा, पाती, पट्टे, नटबोल्ट कितीदा बदलले कुणाला ठाव. घास सरकवायचा पन्हाळ बाभळीच्या फळ्यांचा हाय, तो हात घासून घासून काचेवाणी गुळगुळीत झालाय, दुपारच्या उन्हात चमकतो.

जनावरं पाच. दोन देवणी, एक म्हैस, एक संकरित गाय, एक वासरू. खड्डा २० फूट लांब, ६ फूट रुंद, ६ फूट खोल. दरसाल श्रावणाच्या पुढं मका चिकात आली (दाण्यात दूध भरलं) की कापायची, मशीनवर आणायची, कुट्टी करून खड्ड्यात गच्च तुडवायची, हवा निघून घास आंबतो नि टिकतो, तोच मुरघास. दोन दिवसात खड्डा भरतो. उन्हाळ्यात तोच घास कामी येतो. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली मात्र मका कुठली नि खड्डा कुठला, उसाचं वाढं विकत आणून ह्याच मशीनवर बारीक करून, वर चुन्याची निवळी शिंपडून जनावरं जगवली. लोकं छावणीचा विचार करायलती, आमची दावणीलाच राहिली. त्यामुळं अप्पाचा जीव हाय तिच्यात, ते खोटं नाही.

आता चुलतभाऊ म्हणतो की ट्रॅक्टरवर चालणारी नवी घेऊ, महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) अर्ज करू, हे काय आजोबाच्या काळातलं घेऊन बसलाव. भंगारवाला दोनदा येऊन गेलाय, वजनावर घेतो म्हणतो, इथनं जालन्याला जातं म्हणे, भट्टीत वितळवून सळया होतात. अप्पानं त्याला चहा पाजला आन् वाटंला लावला.

अजून एक गंमत सांगतो. रात्री आम्ही मोबाईलवर तिकडचे व्हिडिओ बघतो, आयर्लंड इंग्लंडमधले, तिथंबी लोकं ५०-६० वर्षांपूर्वीच्या हार्वेस्टरनं घास कापून सायलेज करायलेत, आन् एवढ्या हौसेनं की बघणारी पोरं कुंपणावर बसलेली असतात. अप्पाला इंग्रजी कळत नाही. पण परवा एका व्हिडिओत मधीच म्हणले, "थांब थांब, मागं घे. त्याचं पातं बोथट हाय, आवाज ऐक की." आन् खरंच पुढच्या मिनिटाला त्या बाबानं मशीन थांबवून धार लावायला घेतली!

तर विचारायचं असं की असल्या जुन्या मशीनचा मुरघास खरंच चांगला होतो का आम्ही आपलं मनाला समजावतोय, आन् ठेवायची तर तिच्यावर किती खर्च करणं परवडतं. ज्यांच्याकडं अशा जुन्या आहेत त्यांनी सांगा. ज्यांनी विकल्या त्यांनीबी सांगा.

आष्टी_दूधवाला

भाऊ राग मानू नका पण स्पष्ट बोलतो. हौस वेगळी आणि डेअरी वेगळी. माझ्याकडे ३२ एचएफ (होल्स्टीन) गाई आहेत, दिवसाला एका गाईला १५ ते २० किलो मुरघास धरला तरी दिवसाचा अर्धा टन उडतो. तुमच्या मशीनवर मी कुट्टी करायला बसलो तर माझ्या पोराचं लग्न होऊन जाईल तरी मी मशीनपाशीच असेन. माझ्याकडे पण जुनी होती, तिच्यावर आता कोंबड्या बसतात.

खरं दुखणं मशीन नाही, माणसं आहेत. जुन्या पद्धतीत मका विळ्यानं कापा, मोळ्या बांधा, बैलगाडीत नाहीतर ट्रॉलीत घाला, मशीनपाशी उतरवा, एकानं उचलून द्यायचं, एकानं घास लावायचा, एकानं कुट्टी ओढायची, दोघांनी खड्ड्यात पसरायची. सहा माणसं धरा. आमच्या भागात ऊसतोडीला गेलेली माणसं दिवाळीनंतर गावात दिसतच नाहीत, आणायची कुठून? ती एका ओळीची ट्रॅक्टरवाली मशीन उभी मका खाते आणि थेट ट्रॉलीत फेकते, ट्रॅक्टरवर एक आणि ट्रॉलीवर एक, झालं काम.

पण तुमची जनावरं पाच. पाचासाठी नवी मशीन घेऊन हप्ते फेडत बसणं म्हणजे शेळीला हौदा. नवी कुणाची तरी भाड्यानं बोलवा, तासावर मिळते. जुनी विका किंवा ठेवा, त्यानं धंद्याला फरक पडत नाही.

लेथवर_उभा (परभणी)

दूधवाले साहेबांचं बरोबर आहे पण अर्धंच. मी ३० वर्षं लेथवर उभा आहे, कुट्टी मशीन, मळणी यंत्र, पेरणी यंत्र सगळं हाताखालून गेलंय. जुनी कुट्टी मशीन लोक का सोडत नाहीत ते मला विचारा. ती उघडी आहे. सगळं समोर दिसतं. १६-१७ चा पाना, एक हातोडी, एक ग्रीसची गन, एवढ्यावर शेतकरी ती रात्री दोन वाजता पण चालू करू शकतो. नव्याच्या गिअरबॉक्समधून आवाज आला की ट्रॉलीत टाकून आमच्याकडं, आणि आमच्याकडं तो पार्ट नसला की आम्ही कंपनीला फोन, कंपनी म्हणते आठ दिवस, तोवर मका वाळून कडक. मुरघासाला आठ दिवस म्हणजे हंगाम गेला.

एक सांगतो, ही मशीन आपल्याकडं काही कालपरवा आलेली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात कारखानदारीला सुरुवात केली तेव्हा लोखंडी नांगर आणि कडबा कापायचं यंत्र हाच त्यांचा माल होता, किर्लोस्करवाडी तर १९१० ची. म्हणजे महाराष्ट्रातला यंत्राचा धंदाच नांगरावर आणि कडबा कापणीवर उभा राहिलाय असं म्हणलं तरी चालेल. आमच्या धंद्याचा मूळपुरुष आहे तो, म्हणून मला तिच्याबद्दल जरा जास्तच पुळका, कबूल.

आता कामाचं. तुमचा घास चांगला कापला जातो का हे तीन जागी बघा. पहिलं पातं आणि त्याच्यासमोरची पट्टी, ह्या दोघांत पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट पाहिजे. फट वाढली की धाट कापत नाही, चिंबतं, लोंबतं, मोटर कण्हायला लागते आणि तुम्ही म्हणता लाईट कमी आली. लाईट नाही हो, फट वाढली. आणि धार लावताना दोन्ही पाती सारखीच घासायची, एकाला जास्त घासलं की चाकाचा तोल जातो आणि साचा पाया सोडून नाचायला लागतो.

दुसरं, तुकड्याची लांबी. चाकाच्या एका फेऱ्यात रोलर जेवढा घास पुढं ढकलतो त्याला पात्यांनी भागा. दोन पाती असली तर अर्धा. कुणी एक पातं मोडलं म्हणून काढून ठेवतं आणि तसंच चालवतं, मग तुकडा दुप्पट होतो आणि लोक म्हणतात मका जाड होती. जुन्या साच्यात लांबी बदलायला गिअरची वेगळी जोडी यायची, ती बहुतेकांच्या घरात हरवलेली असते किंवा दाराला अडसर म्हणून लावलेली असते.

तिसरं आणि महत्त्वाचं, वेग. ते चाक माणसाच्या हातानं फिरवायला केलेलं आहे. त्याला मोटरची छोटी पुली लावून जास्त पळवायचा मोह होतो, काम लवकर उरकतं म्हणून. करू नका. बीड वाकत नाही, फुटतं. फुटलं की तुकडा पत्रा फाडून बाहेर जातो, मी बघितलंय, गोठ्याच्या पत्र्याला भोक पडलं होतं आणि आत म्हैस होती, वाचली. चाकाला आऱ्यांपाशी बारीक चीर आहे का बघा, रॉकेल लावून पुसा आणि वर खडू फिरवा, चीर असली तर रॉकेल खडूवर ओली रेघ उठवतं. असली तर वेल्डिंग वगैरे भानगडीत पडू नका, ते चाक मग खरंच जालन्याला पाठवा.

आणि एक प्रश्न माझाच. चाकाला आणि रोलरला जाळी, झाकण काही आहे का? फोटो टाका.

बालाघाटचा_गडी

काका लई सविस्तर सांगितलंत, उपकार. चाकाला खडू लावून बगतो उद्याच.

जाळी नाही. झाकण नाही. आन् आता विचारलंच तर सांगतो, पहिल्या पोस्टमधी मुद्दाम लिहिलं नव्हतं. अप्पाच्या डाव्या हाताची दोन बोटं ह्याच मशीनमधी गेलीत. मी सातवीत होतो. त्या आठवड्यात शेताला लाईट रात्रीची होती, रात्री दीडला आली, कडबा संपत आलेला, सकाळी दूध काढायच्या आधी कुट्टी पाहिजे म्हणून अप्पा आन् आई गेले. पेंडीचा बंद सोडायचा राहिला. बंदात बोटं अडकली आन् पेंडी रोलरनं ओढली, तशी बोटंबी. आईनं फावड्याच्या दांड्यानं पट्टा ढकलून उतरवला.

आता अप्पाचं म्हणणं ऐका. ते म्हणतात तिचा काय दोष, मी झोपेत होतो. आन् पट्टा होता म्हणून उतरवता तरी आला, नव्या मशीनला काय उतरवणार? ह्याच्यावर मला उत्तर सुचत नाही. चुलतभाऊ म्हणतो हात खाणारी मशीन देवासारखी पुजायलाव तुम्ही. दसऱ्याला खरंच तिला हार घालतो आम्ही, आई पण घालते.

लेथवर_उभा (परभणी)

गडी भाऊ, वाचून बरं वाटलं नाही. वर्षाला असे दोन-तीन जण तरी माझ्या दुकानावर येतात, बाही दुमडलेली असते.

अप्पांना माझा रामराम सांगा आणि एवढं सांगा की पट्टा म्हणजे ब्रेक नव्हे. पट्टा उतरला तरी बीडाचं चाक स्वतःच्या जोरावर फिरतच राहतं, आणि चाकाबरोबर रोलर. आईनं जे केलं ते मोठंच, पण घास गच्च बसून चाक मंदावलं असणार म्हणून दोन बोटांवर निभावलं. दरवेळी तसं होत नाही.

नव्या कुट्टी मशीनला एक दांडा असतो, पुढं, मध्ये आणि मागं. मध्ये आणला की रोलर थांबतो, मागं ओढला की घास उलटा बाहेर येतो. चाक फिरत असलं तरी. तो जुन्या साच्याला बसवता येतो, सगळ्यांना नाही पण बऱ्याच साच्यांना, गिअरची जागा बघावी लागते. आणि पन्हाळाला वरून पत्रा मारा, एवढा लांब की माणसानं हात पूर्ण आत घातला तरी बोट रोलरला लागू नये. हे दोन्ही केल्याशिवाय ती मशीन ठेवा असं मी म्हणणार नाही, मूळपुरुष असो नाहीतर कुणी.

निलंग्याचा_परदेशी

बालाघाट भाऊ, तुमच्या अप्पांचा बोथट पात्याचा किस्सा माझ्या शेजाऱ्याला इंग्रजीत सांगितला, तो दहा मिनिटं हसला आणि म्हणला ह्या माणसाला इकडं पाठव. मी सहा वर्षं झाली आयर्लंडमध्ये आहे, कॉर्कच्या बाहेर, नोकरी कॉम्प्युटरची पण घर शेतांच्या मध्ये, त्यामुळे तुमचे ते व्हिडिओ माझ्या खिडकीतून दिसतात.

पहिल्यांदा मला वाटलं ह्यांना कसला आलाय दुष्काळ, बारा महिने हिरवं. मग कळलं की आपला जसा उन्हाळा तसा ह्यांचा हिवाळा. नोव्हेंबरच्या आसपास गाई आत बांधल्या की फेब्रुवारी-मार्चपर्यंत बाहेर चरायला काही नाही, तेवढ्यासाठी मे महिन्यापासून घास कापून खड्ड्यात दाबतात. मका कमी, बहुतेक साधं गवतच. कापून एखादा दिवस सुकू देतात, मग उचलतात, वर काळं प्लास्टिक आणि त्याच्यावर जुने टायर. आणि आभाळाकडं बघत बसणं अगदी आपल्यासारखं, फक्त आपण पाऊस यावा म्हणून बघतो आणि हे येऊ नये म्हणून.

माझ्या शेजाऱ्याकडं जी जुनी आहे ती फ्लेल म्हणतात त्या जातीची. आडवा दांडा, त्याला लोंबते पोलादी फाळ, तो गरागरा फिरतो, गवत झोडपून तोडतो आणि त्याच झपाट्यानं वरच्या नळकांड्यातून ट्रॉलीत फेकतो. कापणं असं नाहीच, मारहाण आहे. तुकडे वीतभर लांब, फाटलेले. त्याच्यानंतर डबल चॉप आल्या, त्यात फाळानं तोडलेलं गवत पुन्हा एका पंख्यासारख्या चाकावर जातं. आणि मग प्रिसिजन चॉप, त्यात रोलर मापात घास देतात आणि पात्यांचा ढोल समोरच्या पट्टीवर कापतो, म्हणजे लेथवाले काका जे पोस्टकार्डाचं सांगतात तेच तत्त्व. तुमच्या आजोबांची मशीन ह्या हिशोबानं प्रिसिजन चॉपच आहे बरं का, फक्त ती जागेवर बसते आणि घास तिच्याकडं चालत येतो.

पूर्वी तिकडं पण तसंच होतं. अमेरिकेत मका कापून अख्खी ताटं गाडीत घालून सायलोपाशी (मुरघास साठवायच्या उंच कोठीपाशी) आणायचे आणि तिथं पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनवर कुट्टी करून वर उडवायचे, ट्रॅक्टरच्या पुलीवरून लांबलचक पट्टा. मशीनच शेतात न्यायची ही अक्कल नंतरची, विस्कॉन्सिनमधल्या फॉक्स कंपनीनं १९३६ ला तसा हार्वेस्टर बाजारात आणला. स्वतःच्या इंजिनवर चालणारा न्यू हॉलंडनं १९६१ ला, जर्मनीच्या क्लासनं जॅग्वार १९७३ ला. लोखंड आलं की मशीन आपोआप थांबवणारा मेटल डिटेक्टर १९७५ चा, त्याच्याआधी एक खिळा आत गेला की सगळी पाती दातपडक्या म्हातारीसारखी. आणि आज क्रोनची बिग एक्स ११८० बघाल तर ११५६ हॉर्सपॉवर! आपल्या महिंद्रा ५७५ सारखे वीस-पंचवीस ट्रॅक्टर एका झाकणाखाली. ती शेजाऱ्याच्या १५ एकरात शिरली तर वळेपर्यंत शेत संपतं.

मग जुनी का चालवतात? मी विचारलं. तो मॅसी १३५ वर बसलेला होता, आपल्या मॅसी १०३५ ची थोरली बहीण शोभावी असा ट्रॅक्टर. म्हणला कॉन्ट्रॅक्टरची मोठी मशीन माझ्या पाळीला येते तेव्हा पाऊस पण येतो. ही माझ्या शेडमध्ये आहे, मला वाटेल तेव्हा निघते. वर्षातनं एकदा आसपासचे सगळे आपापल्या जुन्या मशीन एका शेतात आणतात, चहा सँडविच असतं, जमलेले पैसे कुठल्या तरी दवाखान्याला नाहीतर संस्थेला देतात. आपल्या शंकरपटासारखी गर्दी, फक्त बैलाऐवजी ट्रॅक्टर आणि आरडाओरडा जरा कमी.

पण एक गोष्ट बघितली ती सांगतो. ह्याच हौशी लोकांनी पीटीओच्या शाफ्टवर (ट्रॅक्टरमागचा फिरता दांडा, जो मशीन चालवतो) प्लास्टिकचं कव्हर नवंकोरं बसवलेलं असतं. मशीन १९६८ ची आणि कव्हर ह्या वर्षीचं. पोरं कुंपणाच्या आत येत नाहीत. त्यांच्याकडंही हात गेलेली माणसं आहेत.

पशुधन_ताई

नमस्कार सगळ्यांना, मी पशुवैद्यक आहे, लातूर-नांदेड पट्ट्यात काम करते. मूळ प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलंय म्हणून लिहिते, मुरघास चांगला होतो का.

होतो दादा. मुरघासाला मशीनचं वय कळत नाही, त्याला हवा कळते. तुकडा अर्धा ते एक इंच असला की तो गच्च दबतो, मधली हवा निघून जाते, आणि हवा नसली की आंबट करणारे जिवाणू काम करतात, सामू (पीएच) ४ च्या आसपास उतरतो आणि घास टिकतो. तुकडा लांब राहिला, चिंबलेला राहिला की त्यात पोकळ्या राहतात आणि तिथं पांढरी काळी बुरशी. तुमचा खड्डा उघडल्यावर कडेला आणि वर किती वाया जातं ते सांगा, त्यावरून तुमच्या पात्याची धार मी इथून सांगते, अप्पांसारखी.

तुमचा हिशोब मी मांडून बघितला. २० गुणिले ६ गुणिले ६ म्हणजे ७२० घनफूट, साधारण २० घनमीटर. नीट तुडवलं तर ११-१२ टन मावतात. चार मोठी जनावरं आणि एक वासरू, सरासरी २० किलो धरले तरी ते चार महिने पुरतं, म्हणजे फेब्रुवारी ते मे. त्याला चांगल्या आलेल्या आफ्रिकन टॉल मक्याचे २५ गुंठे बास, एकरी २० टन धरून. आणि तीन एचपीची मशीन तासाला सात-आठ क्विंटल हिरवं कापत असली तर आठ तासांच्या लाईटमध्ये सहा टन, दोन दिवस. तुम्ही दोन दिवस लिहिलंय, म्हणजे मशीन तिचं काम चोख करते आहे. दहा जनावरं केलीत तर मात्र हाच हिशोब चार दिवसांवर जाईल आणि तेवढा वेळ खड्डा उघडा ठेवणं बरं नाही, मग दूधवाले दादा म्हणतात तशी भाड्यानं बोलवा किंवा मुरघासाच्या बॅगा भरा.

ओल बघायला यंत्र नको. कुट्टी मुठीत घट्ट दाबा आणि सोडा. पाणी गळलं तर फार ओली, एक दिवस सुकू द्या. गोळा लगेच फिसकटला तर उशीर झाला. गोळा हळूहळू उमलला आणि तळवा नुसता ओलसर झाला की भरा. वरून गूळ मीठ ताक घालतात लोक, मक्यात साखर भरपूर असते, नाही घातलं तरी अडत नाही. दीड महिना उघडू नका. ज्वारीचा करणार असाल तर कोवळी कापू नका, फुलोऱ्याच्या आधीची ज्वारी हिरवी खाल्ली तर जनावराला किराळ (विषबाधा) लागते हे तुम्हाला माहीतच आहे, निम्मी फुलोऱ्यात आल्याशिवाय हात लावू नका.

आता दुसरं, जरा कडू. मी गोठ्यात जाते तेव्हा जनावरं बघायला जाते, पण बायकांचे हात पण बघते. कुट्टी बहुतेक घरात बाईच करते, साडीचा पदर आणि हातातल्या बांगड्या घेऊन, आणि अपघात झाला की लिहिताना मात्र शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावरचा पुरुष. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक हात किंवा पाय गेला तर १ लाख, दोन्ही गेले किंवा माणूस गेला तर २ लाख, आणि त्यात घरातल्या आणखी एका सदस्याला पण धरतात, सातबाऱ्यावर नाव नसलं तरी. हे घरात सांगून ठेवा. पैशानं बोट उगवत नाही हे वेगळं. लेथवाल्या काकांचा दांडा आणि पत्रा आधी बसवा, मुरघासाचं नंतर विचारा मला. आणि आईंना विचारलंत का कुणी, ठेवायची का विकायची?

आष्टी_दूधवाला

ताईंनी शेवटचं बरोबर विचारलं. माझ्या घरी ही पोस्ट मोठ्यानं वाचली तर बायको म्हणाली त्या कोंबड्या बसतात ती मशीन तुम्ही चालवलीच कधी. गप्प बसलो.

बालाघाटचा_गडी

मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला, सोयाबीनची गडबड होती.

चाकाला रॉकेल आन् खडू लावला, चीर नाही. फट मात्र इतकी निघाली की पोस्टकार्ड काय, लग्नाची पत्रिका पाकिटासकट गेली. ताई, खड्ड्याच्या कडंला हातभर वाया जातं, म्हंजे तुमचं निदान बरोबर.

आईला विचारलं. पहिल्यांदाच विचारलं हे खरं. ती म्हणाली मशीन ठेवा नाहीतर विका, रात्रीची कुट्टी मी करणार नाही. झालं, ह्यावर अप्पाबी काही बोलले नाहीत. आता दिवसाची लाईट असली तरच पट्टा चढवायचा, रात्रीपुरता घास संध्याकाळीच करून ठेवायचा.

मशीन उदगीरला नेली होती ट्रॉलीत घालून. ज्यानं १९९० ला पुली बसवली त्याचं पोरगं आता लेथवर हाय, त्यानं पुली बघून वडलाचं काम ओळखलं. पन्हाळावर पत्रा मारला, तीन फुटाचा. चाकाला जाळी केली तर अप्पा रुसले, पात्याची धार दिसत नाही म्हणले. मग जाळीला बिजागरी लावली, मशीन बंद करून उघडायची, धार बघायची, लावायची. चुलतभावानं जाळीचे पैसे दिले, मी मागितले नव्हते.

दांड्याचंच अडलंय. त्या पोराचं म्हणणं आमच्या साच्यातला छोटा गिअर झिजलाय, त्याचे दात गोल झालेत, त्याच्यावर मागंपुढं होणारा दांडा बसवला तर सटकणार. नवा कातून देतो म्हणतो पण आधी जुना कुठं मिळतो का बगा म्हणला, ओतीव असला तर बरा. काका, परभणीला आहे का कुणाकडं?

लेथवर_उभा (परभणी)

माझ्याकडं आत्ता नाही, होता तो मागच्या महिन्यात एका मानवतच्या गिऱ्हाइकाला गेला. सापडला की कळवतो. तोवर पेंडीचे बंद आधी सोडून मगच घास लावा, आणि घास लावणाऱ्याच्या हाताशी मोटरचा स्विच असू द्या, भिंतीवर पलीकडं नको.

लोह्याचा_पाटील

नुसताच वाचत होतो. आमच्या गोठ्यामागं तसलीच एक पडलेली हाय, चाक फुटलंय पण गिअर शाबूत दिसायलेत, वरून चिखल हाय जरा. पैसे नकोत, पडूनच हाय. छोट्या गिअरचे दात किती आन् भोक किती सूताचं तेवढं सांगा, इकडं जुळवून बगतो.

बालाघाटचा_गडी

पाटील, थांबा जरा. अप्पा बॅटरी घेऊन गोठ्यात दात मोजायला गेलेत.